राकू, पूर्वाश्रमीची पर्ल सिक्स: पतसंस्थेच्या कामातून आलेला अभिप्राय

“सर, पहिल्याच ओळीत सहा लिहिलंय की. मग एक ते पाच कुठं शिकवतात?”

खानापूरहून रोज बसने येणाऱ्या एका विद्यार्थिनीने हे विचारले, तेव्हा मी बेळगावच्या टिळकवाडीतील माझ्या संगणक वर्गात फळ्यावर राकू या प्रोग्रॅमिंग भाषेतील पहिला प्रोग्रॅम लिहीत होतो. त्याची सुरुवात ‘यूज व्ही६.डी’ या सूचनेने होते. भाषेचे नाव राकू, तिच्या आवृत्तीचा आकडा मात्र सहापासून सुरू होतो, आणि त्याच्या आधीचे पाच आकडे शोधून कुठेही सापडत नाहीत. तिच्या प्रश्नाचे उत्तर देण्यात माझा तो सगळा तास गेला. राकूवर अभिप्राय लिहायचा तर त्याची सुरुवात याच प्रश्नापासून करायला हवी, असे मला तेव्हापासून वाटत आहे.

मी वर्ग चालवतो आणि उरलेल्या वेळात बेळगाव शहरातील व खानापूर तालुक्यातील काही सहकारी पतसंस्थांच्या सभासद याद्या नीट करून देतो. या कामासाठी २०१८ पासून मी हीच भाषा वापरत आहे. पहिली दीड वर्षे तिचे नाव पर्ल सिक्स होते आणि त्यानंतर ती राकू झाली. त्यामुळे भाषा म्हणून ती कशी आहे आणि तिचे नाव बदलले ते योग्य झाले का, या दोन्ही प्रश्नांवर मला वापरणाऱ्याच्या बाजूने बोलता येईल. माझ्या मते या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत.

आधी इतिहास थोडक्यात सांगतो. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये पर्ल ही भाषा प्रसिद्ध केली. त्यांना नाव ठेवायचे होते मोत्याचे, म्हणजे इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे ‘ए’सह, पण त्या नावाची एक भाषा आधीच अस्तित्वात असल्याचे कळल्यावर त्यांनी ‘ए’ काढून टाकला. जन्माच्या वेळीच नावात बदल झालेली ही भाषा आहे. १९९४ मध्ये तिची पाचवी आवृत्ती आली आणि त्या काळातील इंटरनेटचा मोठा भाग तिच्यावर उभा राहिला. जुलै २००० मध्ये वॉल यांनी सहाव्या आवृत्तीची घोषणा केली आणि तिच्यात काय असावे याविषयी लोकांकडून सूचना मागवल्या. ३६१ सूचना आल्या. त्या सगळ्यांचा विचार करता करता जे घडले ती जुन्या भाषेची पुढची आवृत्ती राहिली नाही. ती एक नवीच भाषा झाली. तैवानच्या ऑड्रे टांग यांनी २००५ मध्ये तिची एक प्रायोगिक रचना केली, पुढे राकुडो हा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम संगणकाकडून चालवून घेणारे साधन, तयार झाला, आणि २५ डिसेंबर २०१५ रोजी, नाताळच्या दिवशी, भाषेची पहिली स्थिर आवृत्ती ६.सी बाहेर पडली. घोषणेपासून पंधरा वर्षे लोटली होती. त्यानंतरची ६.डी ही आवृत्ती नोव्हेंबर २०१८ मध्ये दिवाळीच्या मुहूर्तावर आली आणि तिला ‘दिवाळी’ हेच टोपणनाव देण्यात आले. त्या वर्षी आकाशकंदील लावून झाल्यावर रात्री मी तीच आवृत्ती संगणकावर चढवली होती, म्हणून ती मला विशेष लक्षात आहे.

या पंधरा वर्षांत नावाने काय नुकसान केले, ते बाहेरून पाहणाऱ्याला चटकन लक्षात येत नाही. पाच आणि सहा असे आकडे एकाच नावापुढे लागले, की पाच जुनी आणि सहा नवी असा अर्थ कोणीही लावणार. प्रत्यक्षात पर्ल पाच जिवंत होती, २०१० पासून दरवर्षी तिची नवी आवृत्ती निघत होती, आणि तिच्यावर चालणारी कामे थांबलेली नव्हती. तरीही ‘सहा येणार आहे, मग पाच कशाला शिकायची’ असे लोक म्हणू लागले. दुसरीकडे पर्ल सिक्सच्या वाट्याला जुन्या भाषेची अपकीर्ती आली. पर्लचा प्रोग्रॅम वाचता येत नाही, चिन्हांची नुसती गर्दी असते, ही तक्रार पर्ल पाचबद्दलची. ती ऐकून नवीन माणूस सहाच्या दारातूनच परत फिरत असे. उताऱ्यावर दोघांची नावे लागली आणि जमीन कोणालाच धडपणे कसता आली नाही, अशी ती अवस्था होती.

भाषा खरोखर इतकी वेगळी आहे का, असे कोणी विचारेल. पर्ल पाचमध्ये शब्द जोडायला टिंब वापरतात आणि वस्तूची, म्हणजे ऑब्जेक्टची, क्रिया बोलावायला बाणाचे चिन्ह. राकूमध्ये क्रियेसाठी टिंब आले आणि शब्द जोडायला नागमोडी रेघ आली. यादीतील एखादा घटक काढायचा असेल तर पर्ल पाचमध्ये यादीपुढचे चिन्ह बदलते, राकूमध्ये ते कायम राहते. पर्ल पाचचा प्रोग्रॅम राकूच्या कंपायलरला दिला तर तो सहसा चालत नाही. फरक एवढा असेल, तर एकाच नावाखाली दोघींना ठेवणे हे वापरणाऱ्याची दिशाभूल करण्यासारखे आहे.

आता ज्या कामासाठी मी ही भाषा घेतली त्याविषयी. माझ्याकडे आलेली पहिली यादी साधारण साडेतीन हजार सभासदांची होती. तिचा काही भाग श्रीलिपी या जुन्या फॉन्टप्रणालीत टाइप केलेला, काही भाग युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिपींतील खुणांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन वेगवेगळ्या हातांनी भरलेला, आणि सरकारी कागदांवरून उतरवलेले पत्ते कन्नडमध्ये, अशी ती तीन पिढ्यांची गोधडी होती. त्याआधी संस्थेने कोणाकडून तरी तयार करून घेतलेल्या प्रोग्रॅममध्ये पाकिटावरील नावासाठी ठरावीक घरे होती. ती घरे संपली की उरलेले नाव कापले जाई, आणि कापताना अक्षर आणि मात्रा यांत भेद केला जात नसे. एका सभासदाच्या लांबलचक नावाच्या शेवटी आडनाव होते पाटील. पाकिटावर छापले गेले ‘पाटी’. वार्षिक सभेची नोटीस असलेले ते पाकीट घेऊन ते गृहस्थ कार्यालयात आले आणि म्हणाले, “पस्तीस वर्षं सभासद आहे, आणि मला पाटी करून ठेवलासा?” मी तेव्हा तिथेच बसलो होतो. मला त्यांच्या बोलण्यात राग कमी आणि वाईट वाटणे जास्त दिसले. आपले नाव पुरते लिहिले जावे, एवढेच त्यांचे मागणे होते.

संगणकाच्या दृष्टीने ‘मराठी’ या शब्दात पाच खुणा आहेत: म, र, काना, ठ आणि वेलांटी. पायथॉन या लोकप्रिय प्रोग्रॅमिंग भाषेला या शब्दाची लांबी विचारली तर ती पाच सांगते. आपल्या दृष्टीने यात तीन अक्षरे आहेत. राकूला विचारले तर ती तीन सांगते. हे तिला वेगळे शिकवावे लागत नाही आणि कोणतेही जादा मॉड्यूल, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार जोडभाग, घ्यावे लागत नाही. मात्रा, काना, वेलांटी मूळ अक्षराला चिकटलेली मानणे हे तिच्या रचनेतच आहे. त्यामुळे नाव कुठेही कापले तरी वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे असे होत नाही. मराठी आणि कन्नड या दोन्ही लिपींत रोज काम करणाऱ्या माणसाला या एका गोष्टीची किंमत कळेल.

याहून बारीक गोष्ट ‘ऱ’ची. ‘कऱ्हाडकर’ हे आडनाव आमच्या यादीत अनेकदा येते. एका ऑपरेटरने त्यातला ‘ऱ’ एकाच खुणेने लिहिला होता, दुसऱ्याने ‘र’ लिहून त्याखाली नुक्ता, म्हणजे ठिपका, दिला होता. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण पायथॉनमध्ये सरळ तुलना केली तर ती दोन वेगळी आडनावे ठरतात आणि एकच सभासद यादीत दोनदा उभा राहतो. राकू या दोन्हींना एकच मानते. माझे अर्धे काम इथेच हलके झाले.

तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जोडाक्षरांच्या बाबतीत माझ्या संगणकावरील आवृत्ती चुकते. ‘यळ्ळूरकर’ या आडनावात कोणताही मराठी माणूस पाच अक्षरे मोजेल. पायथॉन आठ मोजते आणि राकू सहा, कारण पाय मोडलेला ‘ळ’ तिने वेगळा धरलेला असतो. जोडाक्षर एकसंध मानण्याचा नियम युनिकोडमध्येच २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत आला, त्यामुळे हा दोष एकट्या राकूच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. तसेच ‘कऱ्हाडकर’ लिहिण्याची तिसरीही एक रीत आहे, ज्यात ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारी जोडखूण टाकतात, ती रीत मात्र राकू बाकीच्या दोघींशी जुळवत नाही, आणि तेवढी एक ओळ मला हाताने लिहावी लागली. वर्णानुक्रम लावतानाही ती ‘क्षीरसागर’ हे आडनाव ‘क’च्या रांगेत बसवते आणि ‘ळ’ला ‘ल’च्या पाठोपाठ ठेवते. आपल्या वर्णमालेत ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ शेवटी येतात, आणि सभासद आपले नाव तिथेच शोधतात. क्रम ठरवणारा छोटा भाग स्वतः लिहून देता येतो व तो लिहिणे सोपे आहे, पण तो लिहावा लागतो हे खरे.

व्याजाच्या हिशेबात तिने मला समाधान दिले. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ होते का, असे बहुतेक भाषांना विचारले तर त्या नाही म्हणतात, कारण दशांश आकडे त्या द्विमान पद्धतीने अंदाजे साठवतात. राकू दशांश आकडा अंश आणि छेद अशा अपूर्णांकाच्या रूपात ठेवते, म्हणून तिचे उत्तर हो असे येते. छेद फार मोठा झाला तर तीही अंदाजावर येते, परंतु रुपये-पैशांच्या हिशेबात तशी वेळ माझ्यावर आलेली नाही. शिवाय प्रोग्रॅममध्ये आकडे देवनागरीतही लिहिता येतात. ‘२ + ३’ असे लिहिले तर ती बेरीज करते. उत्तर मात्र इंग्रजी आकड्यात देते आणि छापण्यापूर्वी ते देवनागरीत वळवून घ्यावे लागते. वर्गातील मुलांना पहिल्या दिवशी मी हेच करून दाखवतो. आपले आकडे संगणकाला थेट समजतात हे पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद येतो, त्यासाठी तरी मी ही भाषा शिकवणे सोडणार नाही.

तिचा सर्वांत मोठा गुण म्हणजे व्याकरण लिहिण्याची सोय. ‘मु. पो. यळ्ळूर, ता. जि. बेळगाव’ असा पत्ता समोर आला, की त्यात गाव कोणते, तालुका कोणता, पिन कुठे, हे ओळखणारे नियम एकाखाली एक, नाव देऊन लिहिता येतात. ‘गाव’ म्हणजे काय, ‘तालुका’ म्हणजे काय, हे सांगितले की ‘पत्ता’ म्हणजे या दोघांची जुळणी, असे पुढे सांगता येते. शाळेत शिकलेल्या वाक्य पृथक्करणाची आठवण व्हावी असा तो प्रकार आहे. सहा महिन्यांनी परत उघडला तरी तो मला वाचता येतो.

वेगाच्या बाबतीत ती मागे आहे. मोठ्या फायली वाचताना ती पायथॉनपेक्षा हळू चालते आणि सुरू होतानाही क्षणभर थांबते. तयार मॉड्यूल पायथॉनच्या मानाने फारच कमी आहेत. विंडोजच्या काळ्या खिडकीत देवनागरी नीट उमटत नाही, म्हणून उत्तर फायलीत लिहून पाहावे लागते. हा दोष भाषेचा नाही, पण नवशिक्याला तो भाषेचाच वाटतो. आणि नोकरीच्या जाहिरातीत तिचे नाव मला आजवर दिसलेले नाही. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आमच्याच शहरात असल्याने अभियांत्रिकीची मुले माझ्याकडे येतात, आणि त्यांना मी पहिल्या दिवशीच सांगतो की पोटासाठी जावा किंवा पायथॉन शिका, ही भाषा विचार शिकण्यासाठी शिका.

आता नावाकडे येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये एलिझाबेथ मातेइसेन या प्रकल्पातील ज्येष्ठ कार्यकर्तीने, ‘पर्ल सिक्स’ या नावातील ‘पर्ल’ गोंधळ निर्माण करते आणि दोन्हीकडच्या लोकांना त्रास देते, असे उघडपणे मांडले. दोन महिने चर्चा झाली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये स्वतः लॅरी वॉल यांनी संमती दिली. संमती देताना त्यांनी बायबलमधील, जुन्या वस्त्राला नव्या कापडाचे ठिगळ लावू नये आणि नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यात भरू नये, या वचनाचा आधार घेतला. राकू हे नाव त्यांनीच वर्षभर आधी पर्यायी नाव म्हणून सुचवलेले होते. त्याचे मूळ कंपायलरच्या नावात आहे. जपानीत राकुदा म्हणजे उंट, आणि उंट हे पर्लचे जुने बोधचिन्ह. ‘उंटाचा मार्ग’ या अर्थाने २००८ मध्ये कंपायलरचे नाव राकुडो पडले आणि त्याचा पहिला भाग भाषेला मिळाला. राकू या जपानी शब्दाचा एक अर्थ सुख, आराम असाही आहे. म्हणजे नव्या नावात जुन्या घराची खूण पुसली गेली नाही, ती फक्त दुसऱ्या भाषेत गेली. मला हे फार आवडले.

हे नाव मराठी आणि कन्नड दोन्ही तोंडांना सोपे जाते. ‘पर्ल’ म्हणताना आमच्याकडची मुले हमखास ‘परल’ म्हणत आणि नुसते ऐकून स्पेलिंग चुकवत. ‘राकू’ म्हटले की ‘काकू’शी जुळते, एकदा ऐकले की विसरत नाही.

नाव बदलू नये असे म्हणणारेही होते, आणि त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. वीस वर्षे लोकांच्या कानावर असलेले नाव टाकले तर ओळखच जाईल, निघालेली पुस्तके एका दिवसात जुनी दिसू लागतील, पर्लच्या नावावर येणारा वाचक येणार नाही, अशी त्यांना भीती होती. ती काही अंशी खरी ठरली. मी स्वतः २०१८ मध्ये विकत घेतलेले पुस्तक पर्ल सिक्सच्या नावाचे आहे आणि आज विद्यार्थ्याला ते देताना दोन वाक्ये जास्त बोलावी लागतात. माझ्या फायलींची शेपटे बदलली: पूर्वी डॉट-पीएम६ असे जोडायचो, आता डॉट-राकूमॉड जोडतो. वस्तूचे आतले रूप छापून पाहण्याची ‘पर्ल’ नावाची क्रिया होती, तिच्या जागी ‘राकू’ नावाची आली. चाळीसएक फायलींमध्ये मी हे बदल एका रविवारी बसून केले. काम अवघड नव्हते, पण इतक्या दिवसांची सवय मोडताना हात अडखळतात. इंटरनेटवर शोधताना दोन्ही नावांनी शोधावे लागते. त्यातही २०१५ पूर्वीचे लेख समोर आले तर त्यांतील कित्येक उदाहरणे आज चालत नाहीत, आणि नवशिक्या मुलाला आपलीच चूक झाली असे वाटते. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी एवढ्याच कारणाने ही भाषा सोडली.

तरीही मी नाव बदलण्याच्या बाजूने आहे, आणि माझी तक्रार उलट आहे: हे फार उशिरा झाले. जुलै २०१० मध्ये राकुडो स्टार या नावाने सामान्य वापरकर्त्यासाठी पहिला संच निघाला, तेव्हाच हे करता आले असते. निदान २०१५ च्या नाताळात, पहिली स्थिर आवृत्ती जगापुढे ठेवताना तरी करायला हवे होते. कोरी भाषा, कोरे नाव, अशी ती वेळ होती. ती हुकली. त्यानंतरच्या चार वर्षांत पुस्तके, व्याख्याने, मॉड्यूल, माझ्यासारख्याचे प्रोग्रॅम, सगळे जुन्या नावावर उभे राहिले आणि मग ते बदलावे लागले. नाव बदलण्याचा खर्च म्हणून जो आपल्याला दिसतो, त्यातला मोठा वाटा या उशिराचा आहे.

पायथॉननेही २००८ मध्ये जुन्याशी न जुळणारी तिसरी आवृत्ती आणली आणि नाव तेच ठेवले, मग पर्लला वेगळा न्याय का, असे मला एका सहकाऱ्याने विचारले होते. उत्तर असे की पायथॉनमध्ये वारस एकच होता. दुसरी आवृत्ती १ जानेवारी २०२० रोजी अधिकृतपणे बंद झाली आणि नाव तिसरीकडे गेले. पर्लच्या घरात पाचला कोणी बंद करणार नव्हते आणि करायलाही नको होते. दोघी नांदत्या राहणार, तर दोघींना दोन नावे हवीत. नाव बदलल्यानंतर पर्ल पाचच्या लोकांनी जून २०२० मध्ये पर्ल सातची घोषणा केली, ती पुढे मागे पडली, आणि पर्ल आजही पाचाच्याच आकड्यावर पुढे जात आहे; सहा हा आकडा तिथे कायमचा रिकामा राहिला. दोन्ही भाषांना आधार देणाऱ्या संस्थेने आपल्या नावात पर्ल आणि राकू ही दोन्ही नावे घेतली, हे मला समजूतदारपणाचे वाटते.

नाव बदलायला नकार दिल्याचे उदाहरणही आहे. २००९ मध्ये गूगलने गो ही भाषा जाहीर केली, तेव्हा फ्रान्सिस मॅककेब यांनी, या नावाची भाषा आपण आधीच केली आहे, त्यांच्या नावात फक्त एक उद्गारचिन्ह जास्त आहे, असे कळवले. अनेकांनी त्यांना पाठिंबा दिला. गूगलने नाव ठेवलेच, आणि मॅककेब यांची भाषा आज किती जणांना आठवते? त्याउलट फ्रान्समध्ये घडलेल्या आणि गणिती सिद्धता तपासणाऱ्या कॉक या प्रणालीचे नाव इंग्रजी कानाला अश्लील वाटते म्हणून तिच्या कर्त्यांनी ते बदलून रॉक केले, आणि २०२५ मध्ये त्या नावाची पहिली आवृत्ती काढताना तिला नववा क्रमांक दिला, कारण जुन्या नावाने आठव्या मालिकेपर्यंत मजल गेली होती. राकूनेही सहा हा आकडा असाच ठेवला. खानापूरच्या त्या मुलीला मी हेच सांगितले: भाषेचे नाव बदलले, पण जुन्या नावाने लिहिलेला प्रोग्रॅम मोडू नये म्हणून आवृत्तीचा क्रमांक चालू ठेवला. तिला ते पटले. मात्र ही गोष्ट नवशिक्याच्या पहिल्या पानावर ठळकपणे लिहिलेली असावी, ही माझी प्रकल्पाकडे आग्रहाची मागणी आहे.

बेळगावात राहून नावाच्या बदलाविषयी लिहिताना आपल्या शहराचा विषय मनात येणारच. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी दप्तरी शहर बेळगावी झाले. आम्ही घरात, बाजारात आणि पत्रिकेत बेळगावच म्हणतो आणि म्हणत राहू. पतसंस्थेच्या यादीत मात्र मला बेळगाव, बेळगांव, बेळगावी, बेलगाम आणि कन्नड लिपीतील रूप अशी पाच रूपे सांभाळावी लागतात, आणि त्यांतील एकही चूक म्हणून खोडता येत नाही. या सगळ्यांत टपाल पोचते ते पिनवरून; ५९०००१ हा आकडा कोणी बदललेला नाही. रेल्वे स्थानकाचा संकेतही अजून बीजीएम आहे. राकूच्या नावाचा निर्णय आणि शहराच्या नावाचा निर्णय यांत एक मोठा फरक मला दिसतो: तिथे ज्यांनी भाषा घडवली आणि जे ती रोज वापरतात, त्यांच्यातच दोन महिने उघड चर्चा झाली आणि भाषेच्या जनकाने होकार दिल्यावर नाव बदलले. म्हणूनच ज्यांना ते पटले नव्हते त्यांतले बरेच जण पुढेही काम करत राहिले.

शेवटी एक प्रसंग. पतसंस्थेने २०१८ मध्ये सभासद यादीसाठी ही भाषा वापरण्याला मंजुरी दिली, तेव्हा इतिवृत्तात ‘पर्ल सिक्स प्रणाली’ असे लिहिले गेले. पुढे एका लेखापरीक्षणात प्रश्न आला की कार्यालयात चालू असलेली राकू ही प्रणाली कोणत्या ठरावाने घेतली. ठराव होता पर्ल सिक्सचा. मी समजावून सांगितले, छापील पाने दाखवली, पण कागदाला कागदच लागतो. तेव्हा संस्थेतील निवृत्तीला आलेल्या हेडक्लार्कनी मला थांबवले. “सर, तुम्ही बसा की. हे आमच्याकडं दर लग्नसराईत येतंय,” असे म्हणून त्यांनी कपाटातून एक फाईल काढली. लग्नानंतर नाव बदललेल्या सभासद महिलांसाठी संस्थेचा एक ठरलेला मसुदा होता: पूर्वाश्रमीचे नाव अमुक, सध्याचे नाव अमुक, दोन्ही व्यक्ती एकच असून ठेवी, कर्ज व शेअर्स पूर्ववत चालू राहतील. त्यांनी ‘व्यक्ती’ खोडून ‘प्रणाली’ केले, ठेवी आणि शेअर्स काढून टाकले, आणि पूर्वाश्रमीच्या नावापुढे पर्ल सिक्स व सध्याच्या नावापुढे राकू असे सुवाच्य अक्षरात लिहिले. खाली सभासद क्रमांकाचा रकाना होता. तिथे पेन थांबवून त्यांनी मला विचारले, “नंबर बदललाय काय?”

“नाही,” मी म्हणालो. “६.डी तसाच आहे.”

“मग काही अडचण नाही,” असे म्हणून त्यांनी तो आकडा रकान्यात भरला आणि ठराव सहीसाठी आत पाठवला.